रस्त्याकडच्या बाल्कनीतली झबली

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने मला विचारलं, "आजी, तुला पोलिसांनी पकडलं होतं का?" मोठीने त्याला कोपर मारलं, मागून तुमची आई ओरडली, "पोलीस नाही रे, नोटीस आली होती!" आणि तेवढ्यात लाइन गेली. अर्धवट माहिती मला सहन होत नाही. तुमच्या आजोबांचे मोजेसुद्धा मी रंगवार लावून ठेवायची. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, पण घरातली गोष्ट मला मराठीतच सांगता येते. वाचायला जड गेलं तर आईला मोठ्याने वाचायला सांगा. तिचाही सराव होईल.

तर पहिली गोष्ट, मला पोलिसांनी पकडलं नाही. एका हवालदाराने मला खुर्ची दिली आणि पाणी विचारलं, त्याला पकडणं म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट, नोटीस आली हे खरं आहे. ती आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने पाठवली होती. सोसायटीची सेक्रेटरी मीच आहे. अक्षर माझं होतं, आणि पोच म्हणून खाली सहीही मीच केली.

आपली इमारत तुम्हाला आठवत असेलच. नाहूर स्टेशनवरून मुलुंडच्या बाजूला दहा मिनिटं चाललं की येते ती. चार मजले, सोळा घरं, तळमजल्यावर हॉल आणि त्याला लागून सोसायटीचं ऑफिस. तिसऱ्या मजल्यावरची इंजेक्शनआजीही आठवत असेल. तुम्ही आला होतात तेव्हा धाकटा तिला बघून पलंगाखाली जाऊन बसला होता. ती पालिकेच्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं नर्स होती, त्यातली बरीचशी वर्षं अगदी नवजात बाळांच्या वॉर्डात. बावीस वर्षं रोज दुपारी चार वाजता ती माझ्याकडे चहाला येते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्यभर कार्डं लावली, तिने बाळं सांभाळली. त्यामुळे मी वस्तूंशी जास्त बोलते आणि ती माणसांशी, असं तिचं म्हणणं आहे.

आता थोडं मागे जावं लागेल, कारण भांडणाचं मूळ तिथे आहे.

अठरा वर्षांपूर्वी मी सेक्रेटरी झाले, तेव्हा सोसायटीच्या वर्धापनदिनाला हॉलमध्ये सत्यनारायण व्हायचा. खर्च सोसायटीचा, पूजेला अध्यक्ष जोडीने बसायचे आणि सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस निघायची, ‘सर्व सभासदांनी उपस्थित राहावे.’ त्या वर्षी इंजेक्शनआजीने अर्ज दिला की बुद्धपौर्णिमेला दोन तास हॉल हवा, वंदना आणि नंतर सगळ्या शेजाऱ्यांना खीर. कमिटीने ठरवलं की हॉल धार्मिक कार्यक्रमासाठी देता येत नाही, आणि तसं पत्र टाइप करायला माझ्याकडे दिलं.

मी ते टाइप केलं नाही. मीटिंगमध्ये उभी राहून म्हटलं, सोसायटी म्हणजे आपल्या सोळा घरांचं सरकार आहे, आणि सरकारला देव नसतो. एक तर सगळ्यांना हॉल द्या, नाहीतर कुणालाच देऊ नका. मला वाटलं होतं, सगळे जरा ओशाळतील आणि ‘सगळ्यांना देऊ’ म्हणतील.  पण आपले अध्यक्ष, मालवणचे, अजूनही तेच अध्यक्ष आहेत, घसा खाकरून म्हणाले, "वैनी म्हणतत तां बरोबर. कोणाकच नको."

हात भराभर वर गेले. असा झाला नियम अकरा. हॉलमध्ये कोणताही धार्मिक वा राजकीय कार्यक्रम होणार नाही. मी इतकी खूश होते की जिना न थांबता चढले. तिसऱ्या मजल्यावर ती दारात उभीच होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "छान. त्यांचा सत्यनारायण आता त्यांच्या घरी होईल आणि सगळे तिथे जातील. माझी खीर मात्र राहिली." मला तेव्हा वाटलं, ही बारीकसारीक गोष्टींत अडकते.

पुढे काय झालं ते माझ्या एका फाइलीत आहे. तिच्यावर मी ‘सांस्कृतिक’ असं लिहून ठेवलंय. नियम अकरा झाल्यापासून हॉलमध्ये झालेली प्रत्येक आरती अर्जावर सांस्कृतिक होती. गरबा सांस्कृतिक. एका ज्योतिषाचं भाषण सांस्कृतिक. निवडणुकीच्या आधी एका उमेदवाराच्या बायकोने येऊन सगळ्या बायकांना टिफिनचे डबे वाटले, तेही सांस्कृतिक. दर वेळी मी हरकत घेतली, दर वेळी अध्यक्षांनी हात जोडले, आणि फाइल जाड होत गेली. पौर्णिमेला सांस्कृतिक म्हणायचं इंजेक्शनआजीच्या मात्र कधी मनात आलं नाही. ती म्हणायची, "माझ्या वंदनेला मी खोटं नाव कशाला देऊ?"

एवढं मागचं. आता अलीकडचं.

एक दिवस चार वाजता ती आली, पण चहाला हात लावला नाही. फोन माझ्यासमोर धरला. गाझामधल्या एका हॉस्पिटलचा फोटो होता. वीज गेल्यावर काचेच्या पेट्यांतून बाहेर काढलेली अपुऱ्या दिवसांची बाळं एका पलंगावर ओळीने ठेवली होती. मला दिसली नुसती बाळं. तिला काय काय दिसलं, ते ती बोटाने दाखवत गेली. ह्याचा रंग बघ. ह्याच्या डोक्याला टोपी नाही. हे एकमेकांच्या अंगाला लावून ठेवलेत, म्हणजे कुणीतरी शहाणी नर्स आहे तिथे, तिने ऊब मिळावी म्हणून ठेवलेत.

तो फोटो जुना झाला, मग दुसरे आले, मग तिसरे. ती रोज चारला यायची आणि चहा निवून जायचा. मग एके दिवशी म्हणाली, "मला एक तास हवाय. चारचौघांत बसायचं. भाषण नको, घोषणा नको. हे चाललंय, ह्याला नरसंहार म्हणतात आणि आम्हाला ते मान्य नाही, एवढं सांगून गप्प बसायचं. घरात एकटीने किती दिवस गप्प बसू?"

म्हणून आम्ही दोघी पोलीस चौकीत गेलो. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर एक तास बसायची परवानगी मागायला. हवालदार तुमच्या मामाच्या वयाचा असेल. त्याने वही उघडली.

"विषय काय लिहू?"

"नरसंहाराचा निषेध," मी म्हटलं.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या भाजीच्या पिशवीकडे. "किती माणसं?"

"दहा. त्यातल्या सहांचे गुडघे गेलेत."

"घोषणा?"

"नाही," इंजेक्शनआजी म्हणाली. "दम लागतो."

त्याने पेन खाली ठेवलं आणि आवाजही खाली केला. "आजी, अर्ज मी वर पाठवतो, पण परवानगी येणार नाही, आत्ताच सांगतो. कशाला उगाच उन्हात? घरात बसून करा ना काय करायचं ते. घरात कोण अडवतंय तुम्हाला?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे उपयोगाला येणार आहे.

फुटपाथ गेला, राहिला हॉल. तिने अर्ज भरला. नाव, घर क्रमांक, वेळ, सगळं स्वच्छ अक्षरात. फक्त ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ हा रकाना कोरा ठेवला आणि अर्ज माझ्यासमोर ऑफिसच्या टेबलावर ठेवला. शेजारी अध्यक्ष बसले होते. त्यांनी वाचला आणि कनवाळूपणे म्हणाले, "वैनीनू, सांस्कृतिक म्हणान लिवा नि मोकळ्या जावा. कोण बघूक येता?"

मी पेनचं टोपण काढलं. खरंच काढलं. पण हात पुढे जाईना. सांस्कृतिक म्हणजे ती जाड फाइल, अठरा वर्षांच्या हरकती. आणि मारलेल्या बाळांना सांस्कृतिक कसं म्हणायचं? मी म्हटलं, "हे राजकीय आहे. मी दुसरं काही लिहू शकत नाही. आणि राजकीय लिहिलं तर नियम अकरा आड येतो."

"एक शब्द आहे गं," ती म्हणाली. "ह्या वेळी मी खोटं नाव द्यायला तयार आहे. तू लिही."

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

"सारखा आहे ना? मग तो दर वेळी माझ्याच दारात येऊन कसा उभा राहतो?"

तिने अर्ज उचलला, चार घड्या केल्या, पर्समध्ये टाकला आणि गेली. अध्यक्ष छताच्या पंख्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बावीस वर्षांत ती तापानेसुद्धा एवढे दिवस चुकली नव्हती. मी दोन कपांचा चहा करायची, एक प्यायची आणि दुसरा तुळशीत ओतायची, मग तुळस पिवळी पडायला लागली तेव्हा मोरीत ओतायला लागले. नियम बरोबर होता, माझं वागणं नियमाला धरून होतं आणि मला घास गिळवत नव्हता. असं कसं होतं, ह्याचं कार्ड मी आजवर कुठल्याच खणात लावलेलं नाही.

आठव्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. पाठवला होता चौथ्या मजल्यावरच्या सुप्रभातकाकांनी. त्यांना मी मनातल्या मनात हे नाव दिलंय, कारण पहाटे साडेपाचला गुलाबाच्या फुलासकट ते सर्वांना सुप्रभात पाठवतात, एकही दिवस न चुकता. फोटोत तिसऱ्या मजल्याची रस्त्याकडची बाल्कनी होती आणि दोरीवर झबली टांगलेली होती. पांढरी, फिकट पिवळी, निळी ठिपक्यांची. खाली काकांनी लिहिलं होतं, ‘सेक्रेटरी मॅडम, नियम फक्त आमच्या चादरींना आहे का?’

झबलं म्हणजे काय ते तुम्हाला आईने सांगितलं नसेल तर मी सांगते. बाळाचा पहिला सदरा. समोरून उघडा, बटणांऐवजी बंद, कारण बटण टोचतं. तो नव्या कापडाचा शिवत नाहीत. घरातल्या कुणाच्या तरी धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा शिवतात. तुम्ही दोघंही हॉस्पिटलातून घरी आलात ते माझ्या चॉकलेटी काठाच्या साडीत.

आणि नियम तेवीस असा आहे की रस्त्याकडच्या बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत. तोही मीच केलेला आहे. इमारतीचा चेहरा नीटनेटका दिसावा म्हणून. वर्षभरापूर्वी काकांना त्यांच्या चादरीबद्दल नोटीस दिली होती, त्यामुळे त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

मी नोटीस लिहिली. रागवायला मला इंग्रजी सोपं जातं, म्हणून नोटिसा मी इंग्रजीत लिहायची, पण ही मराठीत लिहिली. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायला धीर होईना, म्हणून स्वतःच घेऊन गेले. तिने दार उघडलं. चष्मा कपाळावर, गळ्यात शिवणाची टेप.

"काय आहे?"

"नोटीस."

तिने चष्मा खाली ओढून वाचली. "वाळत घातलेत असं लिहिलंयस. कोरडे आहेत ते. टांगलेत."

"नियमात तो फरक नाही."

"आण पेन. पोच कुठे लिहू?"

ती सही करत होती तेव्हा मला तिच्या खांद्यावरून आतली खोली दिसली. मशीन उघडं होतं. पलंगावर तिच्या साड्या पडल्या होत्या, कापलेल्या. हॉस्पिटलात डबल ड्युटीला जाताना नेसायची ती निळी ठिपक्यांचीसुद्धा. आणि उशीशेजारी झबल्यांचा ढीग.

"किती झाली?" मी विचारलं.

"मोजत नाही. वॉर्डात मोजायचे. ड्युटी सुरू होताना आणि संपताना. आकडा जुळला की घरी जायचं. इथे मी कुठल्या आकड्याशी जुळवू?"

 मी म्हटलं, "मला दोन दे."

"तू काय करणार?"

"टांगणार. रस्त्याकडच्या बाल्कनीत. हवालदार म्हणाला नव्हता का, घरात बसून करा?"

"आणि नियम तेवीस?"

"नोटीस काढीन."

"कोणाला?"

"मला."

ती हसली. आठ दिवसांनी. "आत ये," म्हणाली, "चहा टाकते. तुझ्यासारखा आलं घालून पचका नाही करत मी."

तर ती माझी नोटीस. सकाळी लिहिली, दुपारी घेतली, पोच फाइलीला लावली. झबल्यांशेजारी मी पुठ्ठ्यावर एकच ओळ लिहून लावली होती, ‘हे ज्यांना घालायचे ती बाळे मारली गेली. नरसंहार थांबवा.’ शिवणात हातभार म्हणून मीही एक झबलं केलं. इंजेक्शनआजीने ते उचलून त्याचा गळा उजेडात धरला आणि म्हणाली, "ह्या गळ्यात बाळाची मान नाही, लिंबू मावेल." ते तिने टांगू दिलं नाही. ते माझ्याकडे आहे, तुम्ही आलात की दाखवीन.

मग पहिल्या मजल्यावरच्या मावशींनी साडी आणून दिली आणि बदल्यात एक झबलं नेलं. मग वरच्यांनी. प्रत्येकीला मी आधीच बजावत होते, "नोटीस येईल हं," आणि प्रत्येकजणी म्हणायची, "येऊ दे." मी रोज सकाळी नोटिसा लिहायची आणि पोच घ्यायची. एके संध्याकाळी अध्यक्ष माझ्या दारात.

"वैनीनू, आमच्या बायलेन झबला टांगल्यान. दोन दीस झाले. माजी नोटीस खंय?"

"लिहिते आहे. क्रमाने चाललंय."

"बघा हां. शेजाऱ्याक आयली नि आमका नाय, बरां दिसना नाय."

खाली रस्त्यावर वेगळाच गोंधळ उडाला. पुठ्ठा लहान, अक्षर माझं बारीक, झबली मात्र लांबून दिसायची. फुलवालीने अभिनंदन केलं. मासे घेऊन येणारी कोळीण वर बघून ओरडली, "अगो बाय, किती बाळंतिणी हाव तुमच्यात? मुशी आणू का? दूध येतंय चांगलं!" ‘बाळं नाहीत’ असं म्हणत मी खाली गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली, कपाळावरचा घाम पुसला. 

सुप्रभातकाकांना हे पसंत नव्हतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. जिन्यात त्यांनी आम्हाला गाठलं. "मला सांगा, ते लोक आपले कोण? आपल्या देशाचे नाहीत, आपल्या धर्माचे तर नाहीतच. आपल्या इमारतीवर त्यांची लंगोटं कशाला?"

"झबली," मी म्हटलं.

इंजेक्शनआजी कठड्याला धरून उभी होती, गुडघ्यामुळे. म्हणाली, "काका, आमच्या वॉर्डात बाळाच्या पायाला नंबर बांधायचो. फॉर्मवर धर्माचा रकाना होता, तो नातेवाईक भरायचे. रात्रपाळीला बाळ निळं पडलं तर मी फॉर्म नाही बघितला कधी. आधी पाठ चोळायचे."

काका म्हणाले, "ते वेगळं," आणि वर गेले. दोन दिवसांनी त्यांनी विशेष सभेची मागणी केली. विषय, सेक्रेटरीने स्वतः नियम मोडला, सबब तिला पदावरून दूर करावे. मागणी नियमाला धरून होती. मी लगेच नोटीस काढली.

सभेआधी आणखी एक गोष्ट झाली. पोलिओचा रविवार होऊन गेला होता आणि पालिकेच्या आरोग्यसेविका घरोघरी फिरत होत्या, ज्या मुलांचा डोस राहिला असेल त्यांच्यासाठी. आपल्याकडे येणारी बाई चाळिशीची असेल, खांद्याला लसीची निळी पेटी, हातात यादी आणि खडू. ती खालूनच वर बघत आली होती आणि चक्रावली होती. मी आणि इंजेक्शनआजी माझ्याच दारात उभ्या होतो.

"मॅडम, आमच्या यादीत तुमच्या बिल्डिंगमध्ये दोनच मुलं आहेत पाच वर्षांखालची. आणि बाल्कन्यांत बघते तर एवढे कपडे! नवीन बाळं लपवलीत की काय? मला वर उत्तर द्यावं लागतं हो."

मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवणार होते, पण इंजेक्शनआजीने मला थांबवलं. तिने त्या बाईला तिच्याच भाषेत, म्हणजे वॉर्डाच्या भाषेत, सांगितलं. बाळं कुठली, पेट्या कशा बंद पडल्या, ऊब कशी दिली, कोण राहिलं, कोण नाही. बाई ऐकत राहिली. तिने पेटी खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवली.

मग तिने दाराकडे पाहिलं. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की ती दाराशेजारी खडूने पी लिहिते. मूल घरी नसलं, डोस राहिला, की फुली मारते. फुलीच्या घरी परत यायचं असतं. हे तिने आम्हाला सांगितलं नाही, आम्हाला माहीत होतं. मुलुंडात पोलिओची फुली कुणाला माहीत नाही?

"इथे मी काय मार्क करू?" तिने विचारलं.

"फुली," इंजेक्शनआजी म्हणाली. "बाळ घरी नाही."

तिने माझ्या घंटीशेजारी फुली मारली. ठळक. मग पेटी उचलली आणि ज्या ज्या बाल्कनीत झबली होती त्या त्या दाराशी फुली मारत वर गेली. यादीत तिने काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

सभेला बंद असलेलं एक घर सोडून सगळे आले. काकांनी आपलं म्हणणं मांडलं, मुद्देसूद मांडलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, नियम तेवीस मी मोडला हे खरं आहे, नोटीस आणि पोच फाइलीत आहे, मला काढायचं असेल तर खुशाल काढा. पण त्याआधी मला अठरा वर्षांपूर्वीची एक चूक सांगायची आहे.

मग मी ते सांगितलं, जे मला पोच घेत फिरताना जिन्यात सुचलं होतं. सरकारला देव नसतो हे बरोबर. पण मी काय केलं? मी सोळा घरांचाच देव बाहेर काढला आणि हॉलला कुलूप लावलं. ज्यांच्याकडे माणसं जास्त, त्यांनी त्याला सांस्कृतिक म्हटलं आणि दार उघडून घेतलं. जिला खोटं बोलता येत नव्हतं, ती बाहेर राहिली. बाहेर राहायला हवी होती सोसायटी. तिचं लेटरहेड, तिची तिजोरी, तिचे पदाधिकारी. म्हणून नवा नियम असा असावा. हॉल कुठल्याही सभासदाला, कशासाठीही, अर्जाच्या क्रमाने. वंदना असो, आरती असो, निषेध असो. जे असेल ते खरं लिहायचं. खर्च ज्याचा त्याचा. सोसायटी कुणाला बोलावणार नाही, अध्यक्ष अध्यक्ष म्हणून कुठे बसणार नाहीत, आणि ऑफिसच्या भिंतीवर काहीही टांगलेलं नसेल.

"म्हंजे माजां कॅलेंडर?" अध्यक्षांनी विचारलं. ऑफिसात सोनाराकडून आलेलं देवीचं कॅलेंडर आहे.

"तेही."

"मगे तारीख खंय बघूची?"

"मी साधं आणून देईन."

 "देवी घराक नेतंय," ते म्हणाले. "साधां आणा, पण मोठ्या अक्षराचां आणा."

नऊ हात वर आले, सहा आले नाहीत. ते नऊ हात मी न मोजताही ओळखले असते. त्या नवांच्याही पोच माझ्या फाइलीत आहेत. मला काढण्याचा ठराव मग काकांनी स्वतःच मागे घेतला, पण ‘नियम तेवीसचं काय?’ असं विचारलंच. मी म्हटलं, नियम तेवीस तसाच राहील. चादरी नकोतच.

सभा संपायच्या आत इंजेक्शनआजीने पर्समधून चार घड्यांचा अर्ज काढला, टेबलावर तळव्याने सपाट केला आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं, ‘राजकीय.’ मग दुसरा कोरा अर्ज मागून घेतला. त्यात लिहिलं, ‘धार्मिक. खीर आहे.’ दोन्हींवर मी सही केली. हात जराही अडला नाही.

त्या रविवारी आम्ही बाल्कन्यांतली झबली काढून हॉलमध्ये आणली आणि सतरंजीवर ओळीने ठेवली, एकमेकांना लागून, तिने सांगितलं तशी. ज्यांचे गुडघे गेले होते त्यांना खुर्च्या. इंजेक्शनआजी उठली, दोन वाक्यं बोलली आणि बसली. मग एक तास कुणी काही बोललं नाही. अध्यक्ष मागे भिंतीला टेकून बसले होते, अध्यक्ष म्हणून नव्हे. काका आले नाहीत. पण त्या पहाटे ग्रुपवर सुप्रभातही आलं नव्हतं, हे मी नोंदवून ठेवलं आहे.

तास अर्धा झाला असेल तेव्हा दारात चप्पल काढल्याचा आवाज आला. आरोग्यसेविका होती. साडी घरची, खांद्याला पेटी नाही. पोलिओची मोहीम संपून तीन आठवडे झाले होते. मी हलून तिला जागा केली. ती माझ्या कानाशी म्हणाली, "फुलीच्या घरी परत यावं लागतं ना," आणि समोरचं एक झबलं, निळ्या ठिपक्यांचं, उचलून त्याचे सुटलेले बंद बांधत बसली.

नंतर चहाला ती आमच्याबरोबर वर आली. आता चार वाजता कधीकधी तीन कप असतात. माझ्या घंटीशेजारची फुली अजून तशीच आहे. पुढच्या महिन्यात जिन्याला रंग लागणार आहे, रंगाऱ्याला मी सांगितलं आहे, एवढी जागा सोडून ब्रश फिरव. आता नियम नऊप्रमाणे जिन्याच्या भिंतीवर काही लिहायला मनाई आहे, आणि हे वाचताना तुमची आई नक्की थांबून हसेल. तिला म्हणावं, नोटीस लिहून ठेवलेली आहे. तारीख घालायची राहिली आहे.